बॅटरी जोडलेली आहे की काढलेली?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात, आपल्या जुन्या विज्ञान प्रयोगशाळेत केलेले भाषण)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "तू वीस मिनिटं बोल. आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू काहीतरी शिकव." मी विचारलं, काय शिकवू? तर म्हणाले, "जे शाळेत शिकलास आणि पुढे खरंच उपयोगी पडलं, ते." मी दोन दिवस विचार केला. शेवटी एकच गोष्ट उरली, आणि ती याच खोलीत, या टेबलावर घडली होती. सर पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यामुळे जपून बोलतो. चुकलो तर सर मधेच थांबवतील, आणि ते मला चालेल.

अकरावी-बारावीला विज्ञान न घेतलेल्यांनी घाबरू नये. आजच्या विषयाला लागणारं सामान म्हणजे दोन पत्रे आणि एक काच. आपल्या सगळ्यांच्या घरी पंख्यात जो 'कंडेन्सर' असतो, त्याचीच ही गोष्ट. पुस्तकात त्याला धारित्र म्हणतात, बाजारात कपॅसिटर. दोन धातूचे पत्रे एकमेकांसमोर, पण एकमेकांना न टेकता ठेवले, की झाला कपॅसिटर. एका पत्र्यावर धन प्रभार, दुसऱ्यावर तेवढाच ऋण प्रभार. मधे जो वीज न वाहू देणारा पदार्थ असतो, हवा, काच, कागद किंवा प्लॅस्टिक, त्याला डायइलेक्ट्रिक म्हणायचं. आजची गोष्ट त्या मधल्या पदार्थाची आहे.

डिसेंबरातली कोरडी हवा होती. सरांनी ॲल्युमिनियमचे दोन पत्रे लाकडी ठोकळ्यांवर उभे केले. एक पत्रा सुवर्णपत्र विद्युतदर्शीला जोडला आणि दुसरा तारेने जमिनीला. एबोनाइटचा दांडा लोकरीवर घासून पहिल्या पत्र्याला टेकवला. विद्युतदर्शीची पानं फाकली. मग सरांनी कपाटाची एक जाड काच, पत्र्यांना न लावता, मधल्या फटीत हळूच सरकवली. पानं मिटू लागली. पूर्ण नाही, पण चांगली खाली आली.

सरांनी विचारलं, "काय झालं?" मी हात वर केला. तेव्हा मी नेहमीच हात वर करायचो. म्हणालो, "सर, प्रभार काचेत गेला." मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "काचेनं खाल्ला!" सगळा वर्ग हसला. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी काच बाहेर काढली. पानं पुन्हा होती तेवढीच फाकली.

काचेनं प्रभार खाल्ला असता, तर काच बाहेर नेताना तोही बाहेर गेला असता. तो गेला नव्हता. म्हणजे प्रभार सगळा वेळ पत्र्यांवरच होता. कमी झालं होतं ते व्होल्टेज. विद्युतदर्शीची पानं व्होल्टेज दाखवतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग सरांनी जो प्रश्न विचारला, तो या भाषणाचं शीर्षक आहे. "याला बॅटरी जोडलेली आहे का?" नव्हती. दांडा बाजूला ठेवलेला, पत्रा सगळीकडून तोडलेला. "मग प्रभार जाईल कुठे आणि येईल कुठून?" एवढं बोलून सरांनी खडू घेतला.

काच नेमकं काय करते, ते आधी सांगतो. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात. काचेत ते आपापल्या अणूंना बांधलेले असतात, पळून जाऊ शकत नाहीत. पण पत्र्यांमधल्या विद्युत क्षेत्रात ते जागच्या जागी किंचित सरकतात. आपल्या गावच्या पंगतीचा विचार करा. पंगतीतला प्रत्येक जण एक वीतभर उजवीकडे सरकला, तर मधे काहीच फरक दिसत नाही. पण डाव्या टोकाला वीतभर जागा रिकामी होते, आणि उजव्या टोकाचा माणूस वीतभर बाहेर येतो. काचेतही तसंच होतं. धन पत्र्यासमोरच्या बाजूला थोडा ऋण प्रभार उघडा पडतो, ऋण पत्र्यासमोर थोडा धन. पत्र्यांच्या प्रभाराला हा काही अंशी छेद देतो. मधलं क्षेत्र कमी होतं आणि म्हणून व्होल्टेज उतरतं. किती पट उतरतं, तो आकडा म्हणजे त्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक. निर्वाताचा बरोबर 1, हवेचा त्याहून अगदी किंचित जास्त, पंख्याच्या कंडेन्सरमधल्या पॉलिप्रॉपिलीनचा सुमारे 2.2, काचेचा साधारण 5 ते 10, आणि शुद्ध पाण्याचा तब्बल 80.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर तोच कपॅसिटर काढला, पण या वेळी बॅटरी जोडलेली. मधे काच घातली तर काय होईल? मी कालचा धडा पाठ करून आलो होतो. "व्होल्टेज कमी होईल!" पुन्हा चूक. बॅटरी जोडलेली असताना व्होल्टेज कमी होऊच शकत नाही, बॅटरी ते धरून ठेवते. कमी पडलेलं भरून काढायला बॅटरी आणखी प्रभार पाठवते. म्हणजे त्याच काचेनं एकदा व्होल्टेज कमी केलं आणि प्रभार तसाच ठेवला, तर दुसऱ्यांदा व्होल्टेज तसंच ठेवून प्रभार वाढवला.

हे मला पटलं ते हौदाच्या उदाहरणाने. समजा, हौदाची एक भिंत सरकती आहे. पाणी म्हणजे प्रभार, पाण्याची पातळी म्हणजे व्होल्टेज, हौदाची रुंदी म्हणजे धारिता. डायइलेक्ट्रिक घालणं म्हणजे भिंत मागे सरकवून हौद रुंद करणं. नळ बंद असेल तर पाणी तेवढंच राहतं, पातळी उतरते. हौद मोठ्या तळ्याला पाइपने जोडलेला असेल तर पातळी तळ्याएवढीच राहते आणि हौदात जास्त पाणी येतं. भिंत तीच, फरक फक्त नळाचा.

आता आकडे घालू, म्हणजे ऊर्जेचा हिशेब दिसेल. 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, 100 व्होल्टला भरलेला. प्रभार 100 मायक्रोकूलम. ऊर्जा म्हणजे प्रभार गुणिले व्होल्टेज, त्याच्या निम्मी, 5 मिलिज्यूल. स्थिरांक 4 असलेली पट्टी मधे घातली.

बॅटरी काढलेली असेल तर प्रभार 100 मायक्रोकूलमच राहील, व्होल्टेज 25 वर येईल आणि ऊर्जा 1.25 मिलिज्यूल उरेल. म्हणजे पाऊणपट ऊर्जा गेली.

बॅटरी जोडलेली असेल तर व्होल्टेज 100 च राहील, प्रभार 400 मायक्रोकूलम होईल आणि ऊर्जा 20 मिलिज्यूल. म्हणजे चौपट झाली.

पहिल्या वेळी गेलेली 3.75 मिलिज्यूल कुठे गेली? पट्टी आत सरकताना कपॅसिटर तिला आत ओढतो. पत्र्यांच्या कडेला क्षेत्र बाहेर फुगलेलं असतं, ते पट्टीतल्या सरकलेल्या प्रभारांना खेचतं. हाताने पट्टी धरून हळू सोडली तर ती ऊर्जा हातावर काम करण्यात जाते. मोकळी सोडली तर पट्टी आत-बाहेर झोके घेते आणि ऊर्जा शेवटी उष्णता होऊन संपते. हौदाची भिंतही पाणीच बाहेर ढकलत असतं, ते हेच. आणि पट्टी बाहेर काढताना आपल्याला जोर लावावा लागतो. तो जोर ऊर्जा परत करतो, म्हणून पानं पुन्हा फाकतात.

इथे आपल्यातल्या एका मैत्रिणीने तेव्हा जो प्रश्न विचारला होता, तो आज इंजिनिअरिंगच्या मुलांनाही अडवतो. "सर, बॅटरी जोडलेली असताना ऊर्जा वाढते. मग तेव्हा पट्टी बाहेर ढकलली जायला हवी ना? वस्तू कमी ऊर्जेकडे जातात असं तुम्हीच सांगितलंत." सर खूश झाले होते, ते मला आठवतंय. उत्तर असं, की तेव्हाही पट्टी आतच ओढली जाते. कारण हिशेबात बॅटरी धरायला हवी. बॅटरीने जादा 300 मायक्रोकूलम 100 व्होल्टने पाठवले, म्हणजे 30 मिलिज्यूल खर्च केले. त्यातले 15 कपॅसिटरमध्ये साठले, 15 पट्टी ओढण्यात गेले. बॅटरी आणि कपॅसिटर मिळून ऊर्जा कमीच झाली. आपण फक्त कपॅसिटरची वही तपासत होतो, बॅटरीची वही तपासलीच नव्हती. ती मैत्रीण आज एका सहकारी बँकेत हिशेब तपासते. मला वाटतं तिला तेव्हाच दिशा मिळाली.

हे सगळं पहिल्यांदा मोजून जगापुढे मांडलं ते मायकेल फॅरडेनी, 1837 मध्ये. एकात एक बसवलेल्या पितळी गोलांचे दोन सारखे कपॅसिटर त्यांनी केले. एकात हवा ठेवली, दुसऱ्यात लाख, गंधक, काच असे पदार्थ घालून प्रभार कसा वाटला जातो ते पाहिलं. डायइलेक्ट्रिक हा शब्द त्यांना विल्यम ह्यूएल यांनी सुचवला. हेन्री कॅव्हेंडिश यांनी अशी मोजमापं त्याआधीच केली होती, पण प्रसिद्धच केली नाहीत. ती मॅक्सवेल यांनी 1879 मध्ये छापली, तोवर कॅव्हेंडिश जाऊन 69 वर्षं झाली होती. केलेलं काम वहीत ठेवू नका, असं सर सांगायचे, ते यावरून. फॅरडे बुक बाइंडरकडे उमेदवारी करत वाढले, शाळा जेमतेम झाली. कपॅसिटरच्या धारितेचं एकक आज त्यांच्याच नावाने फॅरड आहे.

याचा उपयोग काय, असं विचारणारे आपल्यात आहेत, ते मला माहीत आहे. वर बघा, पंखा फिरतोय. त्याच्या डोक्यावरच्या टोपीत साधारण 2.5 मायक्रोफॅरडचा, 440 व्होल्टचा कंडेन्सर आहे. तुमच्या अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. आत काही मायक्रॉन जाडीची प्लॅस्टिकची फिल्म आणि तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर, गुंडाळी करून बसवलेला. फिल्म 6 मायक्रॉनची धरली, तर समोरासमोर येणारं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटर लागतं. आता प्लॅस्टिक काढून फक्त हवा ठेवा. हवा 1 मिलिमीटरला साधारण 3000 व्होल्टपर्यंत तग धरते, म्हणून पत्रे निदान पाव मिलिमीटर लांब ठेवावे लागतील. तेवढीच धारिता मिळवायला क्षेत्रफळ लागेल सुमारे 70 चौरस मीटर. साडेसातशे चौरस फुटांच्या फ्लॅटची फरशी, आणि तिच्यावर पाव मिलिमीटरवर तेवढंच छत. एका पंख्यासाठी! डायइलेक्ट्रिक दोन कामं करतं. धारिता वाढवतं, आणि जास्त दाब सहन करून पत्रे जवळ आणू देतं. इथे दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं आहे.

या फिल्ममध्ये एखादी जागा कमजोर असेल तर तिथे ठिणगी पडते. आजूबाजूचा धातूचा थर वाफ होऊन उडतो आणि ती जागा आपोआप वेगळी पडते. कंडेन्सर चालू राहतो, फक्त थोडं क्षेत्रफळ जातं. अशा जागा वाढत गेल्या की धारिता घटते. दहा वर्षांचा पंखा पाचवर ठेवूनही दमल्यासारखा फिरतो, तेव्हा मोटर बदलायच्या आधी कंडेन्सर बदलून बघा.

आणि मार्केट यार्डातल्या आपल्या मित्रांसाठी. सोयाबीनची आर्द्रता 12 टक्क्यांच्या वर दाखवली की भाव पडतो, आणि शेतकरी त्या यंत्राकडे संशयाने बघतो. तसली बरीच यंत्रं म्हणजे कपॅसिटरच असतात. दाणे हेच मधलं डायइलेक्ट्रिक. कोरड्या दाण्याचा स्थिरांक अगदी लहान, पाण्याचा 80. दाण्यात थोडं पाणी वाढलं की धारिता वाढते आणि काटा हलतो. मात्र दाणे कमी-जास्त दाबून भरले, किंवा तापमान बदललं, तरी धारिता बदलते. म्हणून एकाच मापावर न थांबता दोन-तीनदा भरून मोजायला सांगणं हा शेतकऱ्याचा हट्ट नाही, ते शास्त्राला धरून आहे.

आता जे सांगायला मी खरं तर उभा राहिलो, ते सांगतो.

नोकरीची तिसरी-चौथी वर्षं. एका कारखान्यात मी विजेच्या देखभालीवर होतो. तिथे मोटरींसाठी मोठ्या कपॅसिटरचं पॅनेल होतं, 440 व्होल्टचं. एक कपॅसिटर बदलायचा होता. मी मेन स्विच पाडला, टेस्टरने लाईन बघितली. माझा हेल्पर स्टुलावर उभा होता. त्याने विचारलं, "साहेब, हात घालू का?" मी म्हणालो, "घाल. लाईन बंद आहे."

तो स्टुलावरून मागे फेकला गेला. दोन बोटं भाजली, खांद्याचं हाड मोडलं. जीव वाचला, ही त्याची आणि माझी पुण्याई.

लाईन बंदच होती, मी खोटं बोललो नव्हतो. पण सरांचा फळा आठवा. बॅटरी काढली की काय होतं? प्रभार तसाच राहतो. बाकी बहुतेक उपकरणांना लाईन तोडणं म्हणजे सुरक्षित होणं. कपॅसिटरला लाईन तोडणं म्हणजे त्यातला प्रभार आत कोंडला जाणं. 440 व्होल्टच्या लाईनचं टोक 600 व्होल्टच्या वर जातं. 100 मायक्रोफॅरडला 600 व्होल्ट म्हणजे 18 ज्यूल. पंख्याच्या कंडेन्सरमध्ये 230 व्होल्टच्या टोकाला असतात साधारण 0.13 ज्यूल. ही ऊर्जा हळूहळू निचरून जावी म्हणून कपॅसिटरला एक रोध जोडलेला असतो. आमच्यातला तो तुटलेला होता, आणि मी तपासला नव्हता.

बारावीत या धड्यावरच्या गणिताला मला पैकीच्या पैकी गुण होते.

त्याला दवाखान्यात पाठवल्यावर मी परत आलो. तो कपॅसिटर रोध लावून रिकामा केला, टोकं क्षणभर तारेने जोडली, तार काढली. अर्ध्या तासाने सहज मीटर लावला, तर वीसेक व्होल्ट पुन्हा चढलेले. कुठेही न जोडता! डायइलेक्ट्रिकमधलं सगळं सरकणं एकाच वेगाने होत नाही. काही भाग सावकाश सरकतो आणि सावकाशच जागेवर परत येतो. आपण टोकं जोडून पत्रे रिकामे केले, तरी हा भाग अजून सरकलेलाच असतो. तार काढल्यावर तो जसजसा जागेवर येतो, तसतसं व्होल्टेज पुन्हा उभं राहतं. म्हणूनच मोठे कपॅसिटर गोदामात ठेवतानाही त्यांच्या टोकांना तार बांधून ठेवतात. त्या दिवसानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक पॅनेलवर मी एक पाटी लावली: लाईन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबा, रोध लावून रिकामा करा, मीटरने मोजा, टोकं जोडलेलीच ठेवा, मगच हात घाला. निवृत्त होईपर्यंत तसा अपघात पुन्हा झाला नाही.

तेव्हा दिवाळीला गावी आलो आणि सरांना भेटायला गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं, सर रागावतील, किंवा समजूत घालतील. सरांनी आधी विचारलं, "त्याचा हात बरा झाला का?" मी म्हणालो, झालाय, दोन महिने लागले. मग म्हणाले, "त्याला हे समजावून सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं. मी माफी मागितली होती, पगार मिळवून दिला होता, पण का झालं ते सांगितलं नव्हतं. परत गेल्यावर मी त्याला कागदावर हौद काढून दाखवला, सरकती भिंत, नळ, सगळं. तो सातवी शिकलेला होता. त्याने पाच मिनिटांत समजून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे साहेब, नळ बंद केला तरी हौद भरलेलाच." पुढे नवीन पोरांना तोच शिकवायचा, माझ्यापेक्षा चांगलं.

तेव्हा मित्रहो, घरी गेल्यावर एवढं करा. पंखा, एसी, पाण्याची मोटर, कशाचाही कंडेन्सर स्वतः काढू नका, आणि जो काढेल त्याला विचारा, रिकामा केलास का? शेतावर मोटरीला कपॅसिटर असेल तर पेटी उघडणाऱ्या गड्यालाही सांगा. त्याला "लाईन बंद आहे" एवढंच सांगू नका.

सर, तुमचा प्रश्न मला दोन वेळा चुकला, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या माणसाला त्याची किंमत द्यावी लागली. नंतर मात्र चुकू दिला नाही. आज नातवाला शिकवताना तो पटकन उत्तर देतो, तेव्हा मी त्याला थांबवतो आणि विचारतो, "बॅटरी जोडलेली आहे की काढलेली?" तो वैतागतो. आम्हीही वैतागायचो.

वीस मिनिटं झाली.  सर, तुम्हाला नमस्कार.